कपाटातली बाटली

मामीनं कपाटातून दोन वस्तू काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक केस-पेपरांची प्लास्टिकची पिशवी, दुसरी बोटाएवढी तपकिरी काचेची बाटली. बाटलीच्या झाकणाला रबरी बोंड होतं आणि आत निम्म्यापर्यंत हिरवट काळं तेल. "तू शिकलेली हाईस, वाच की काय लिवलंय ते," मामी म्हणाली. "फेकावं तर पैसं पडल्यात, ठिवावं तर भ्या वाटतंय."

या अंकाच्या संपादकांनी या वर्षी 'वेदना' हा विषय कळवला तेव्हा मला पहिल्यांदा ही बाटलीच आठवली होती. मामा जाऊन वर्ष झालं. त्याच्या शेवटच्या चार महिन्यांत मी दोनदाच जेऊरला येऊ शकले. दोन्ही वेळा ही बाटली त्याच्या उशाशी होती. तिच्यात काय आहे, हे मी तेव्हा धड विचारलंही नाही. त्यामुळे या खेपेला चार दिवस काढून आले, ते विचारण्यासाठीच.

जेऊर हे करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशनाचं गाव. अलीकडे लोक त्याला नागराज मंजुळे यांचं गाव म्हणून ओळखतात. उजनीचं पाणी आलं तसा हा मूळचा कोरडवाहू मुलूख ऊस आणि केळीनं हिरवा होत गेला. मामाची तीन एकर केळी होती. तंबाखू-चुन्याची गोळी चाळीस वर्षं त्याच्या डाव्या गालात असे, आणि कर्करोगाची गाठ त्याच गालात आली. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशनचे शेक दिले. आठ महिन्यांनी दुखणं मानेत परतलं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी नेऊन काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. सोबत गोळ्यांची एक चिठ्ठी दिली.

ती गोळी ट्रामाडॉलची होती. सुरुवातीला तिनं भागलं, मग भागेना. मामा रात्री भिंतीला पाठ लावून बसायचा आणि मामी त्याच्या पाठीवरून हात फिरवत पहाट करायची. बारावीतल्या नातवानं मोबाइलवर शोधलं तेव्हा 'विजया' नावाचं तेल सापडलं. आजाराची माहिती भरली, एका वैद्यांशी सात-आठ मिनिटं व्हिडिओवर बोलणं झालं, चिठ्ठी मोबाइलवरच आली आणि पाचव्या दिवशी कुरिअरवाल्याचा फोन आला. स्टेशनाजवळ येऊन पार्सल घेऊन जा, म्हणाला.

जिभेखाली दोन थेंब टाकायचे होते. पण शेकांनंतर मामाचं तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, आतली त्वचा सोललेली होती. तेल लागलं की तो कळवळायचा. मग मामी ते दुधातून नाकातल्या नळीवाटे घालू लागली. त्यानं काही रात्री झोप लागली, हे ती आजही सांगते. एका पहाटे मोरीकडं जाताना मात्र भोवळ येऊन तो पडला आणि कपाळाला खोक पडली. थेंब जास्त झाले, की ट्रामाडॉल आणि तेल एकत्र आलं, की नुसती अशक्तता? विचारायला कुणी नव्हतं. व्हिडिओवरच्या वैद्यांचा नंबर लागेना, गावातल्या डॉक्टरांना सांगायची चोरी वाटली. "गांजाचं हाय म्हनलं तर पोलीस येतील का काय," असं मामीला वाटायचं. म्हणून बाटली कपाटात गेली.

शेंडा आणि पान

पोलीस आले नसते. पण मामीची भीती वेडगळही नव्हती.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो भांगेच्या या एका झाडाचे तुकडे करतो. फुलाफळांवर आलेला शेंडा म्हणजे गांजा. झाडाचा राळेसारखा चीक म्हणजे चरस. शेंडा सोबत नसलेलं पान आणि बी मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. ही वगळणूक १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली, आणि त्यामुळेच महाशिवरात्रीची भांग कायद्याच्या तडाख्यातून वाचली. पानाचं काय करायचं, हे मग राज्यांवर सोडलं गेलं. महाराष्ट्रात ते दारूबंदी कायद्याच्या अखत्यारीत येतं, आणि परवान्याशिवाय भांगही बाळगता येत नाही.

आयुर्वेदात हेच पान 'विजया' आहे. जातीफलादी चूर्णासारख्या जुन्या योगांत ते पडतं. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, 'ई-१' नावाची. बचनाग, धोतरा यांच्या पंगतीत भांगही तिथं बसली आहे. यादीतलं द्रव्य वापरलेलं औषध विकता येतं, पण वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा लेबलवर हवा. तो इंग्रजीत आणि हिंदीत छापावा, असं नियम सांगतो.

मी तो इशारा मामीला वाचून दाखवला. हिंदी ओळ देवनागरीत असल्यानं तिनंही अक्षर लावून पाहिलं होतं म्हणे. 'देखरेख' तिला कळलं होतं. ती कोण करणार, हे बाटलीवर नव्हतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत या फटीतून एक बाजार उभा राहिला. मुंबईत २०१३ साली सुरू झालेली बॉम्बे हेम्प कंपनी त्यातली एक आधीची. रतन टाटांनी तिच्यात पैसे गुंतवल्याची बातमी गाजली होती. नंतर अशा कितीतरी कंपन्या आल्या, आणि पानाचा अर्क तेलात उतरवून आयुर्वेदिक परवान्यावर विकू लागल्या. यातल्या बऱ्याच लोकांना रुग्णांची खरोखर कळकळ आहे, असं माझं मत आहे. पण कायद्याची जमीन इथं भुसभुशीत आहे. पान सुटलेलं असलं, तरी 'झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध' ही चरसच धरली जाते. पानातून काढलेला घट्ट अर्क या दोन वाक्यांच्या नेमका मध्ये येऊन उभा राहतो. औषध विकणाऱ्यानं वकील गाठून हे निस्तरावं. ते घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पोलिसांची धास्ती का असावी?

नगरचा गांजा, मोहोळचा अर्ज

या भागाला हे झाड नवीन नाही. जेऊरहून करमाळा ओलांडलं की पलीकडे नगरकडचा मुलूख लागतो. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः नगरकडच्या शेतांत व्हायचा. १८९३ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाल्यावर सरकारनं हिंदुस्थानातल्या भांग-गांजा-चरसाची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्या आयोगानं देशभर हिंडून १,१९३ साक्षी नोंदवल्या. त्यांत कलेक्टर आले, मिशनरी आले, वैद्य-हकीमही आले. पीक कसं घेतात, नर झाडं ओळखून आधीच कशी उपटून टाकतात म्हणजे मादीच्या शेंड्यात बी न धरता चीक भरतो, हे सगळं त्यात आहे. औषध म्हणून माणसं काय घेतात आणि गुराढोरांना काय देतात, हेही आहे. माफक वापरानं सहसा मोठं नुकसान होत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही, असं आयोगानं १८९४ साली लिहिलं. सरकारला उत्पन्न हवं होतं, हेही त्यामागे होतंच. तरी वाचताना जाणवतं ते हे की, त्या लोकांनी आधी विचारलं आणि मग ठरवलं.

आता जेऊरच्या सोलापूर जिल्ह्यातली अलीकडची गोष्ट. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. उत्तर आलं नाही तर लागवड करीन, असंही त्यात होतं. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा प्रकार ठरवला. बातमी हसण्यावारी गेली. पण अर्जात एक खरा कायदेशीर धागा होता. एनडीपीएसच्या कलम ८ मध्ये बंदी घालतानाच वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांचा अपवाद केला आहे, आणि कलम १० नं लागवडीला परवाने देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. धागा आणि बियांसाठी वेगळं कलम १४ आहे. उत्तराखंडानं २०१८ पासून त्याच्या आधारे औद्योगिक भांगेला परवाने दिले, तेही नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांना. म्हणजे दार आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात त्या अर्जदाराला ते दार दाखवणारं कुणी नव्हतं, एवढंच.

विनापरवाना एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उसाच्या फडात किंवा तुरीच्या आड लावलेली झाडं पोलिसांनी उपटून नेल्याच्या बातम्या या पट्ट्यात अधूनमधून येतात. मामाच्या शेजारच्या वस्तीवर एक म्हातारबाबा गुडघ्यांच्या दुखण्यावर चिलीम ओढायचे, असं मामीच सांगते. कायद्याच्या लेखी ते रुग्ण नव्हते.

आनंदावरून पडलेलं नाव

या झाडाचा औषधी उपयोग आधुनिक वैद्यकानं प्रथम तपासला तो आपल्याच देशात. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली धनुर्वात, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतरचा जलसंत्रास, पटकी अशा आजारांत गांजाचा अर्क देऊन पाहिला. सगळे रोगी बरे झाले नाहीत, पण आचके आणि तगमग कमी झाल्याचं त्यांनी लिहिलं. त्यांच्या रुग्णांत चाळीस दिवसांची एक मुलगी होती, सारखे झटके येणारी.

ते आठवायचं कारण असं. त्यानंतर १७९ वर्षांनी, जून २०१८ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकानं या झाडातल्या कॅनाबिडिऑल या द्रव्याचं शुद्ध औषध मंजूर केलं, ते लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी: ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो. दोन गटांत वाटून, एकाला खरं औषध आणि दुसऱ्याला बनावट देऊन केलेल्या चाचण्यांतून झटके कमी होतात हे दिसलं होतं.

नशा आणणारं द्रव्य वेगळं. त्याचं नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, ज्याला टीएचसी म्हणतात. इस्रायलमधल्या राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ते १९६४ साली वेगळं काढलं. पुढं मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत १९९२ साली कळलं की, मेंदूत ज्या कुलपाला हे द्रव्य लागू पडतं, त्याची किल्ली आपलं शरीर स्वतःही बनवतं. त्या किल्लीला त्यांनी संस्कृत 'आनंद' वरून 'आनंदामाइड' नाव दिलं. दुखणं, भूक, मळमळ, झोप, आठवण या सगळ्यांत या व्यवस्थेचा हात असतो. त्यामुळे केमोनंतरच्या ओकाऱ्यांवर टीएचसीची कृत्रिम गोळी अमेरिकेत १९८५ पासून आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आखडलेल्या स्नायूंसाठी ब्रिटनमध्ये २०१० पासून तोंडात मारायचा फवारा आहे.

कर्करोगाच्या वेदनेवर? इथं मला नातवाला दिसलेल्या जाहिराती आणि शास्त्रीय पुरावा यांतलं अंतर स्पष्ट लिहायला हवं. मॉर्फिनजातीच्या औषधांनी न भागणाऱ्या कर्करोग्यांना हाच फवारा जोडीला देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. मुख्य कसोटीवर त्या उतरल्या नाहीत. वेदनेवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ साली सांगितलं की, वेदनेसाठी या द्रव्यांची शिफारस करावी एवढा पुरावा आज नाही. कर्करोग यानं बरा होतो, या म्हणण्याला तर माणसांवरच्या चाचण्यांचा आधारच नाही. झोप, भूक, थोडी उसंत कुणाला मिळत असेल, मामाला काही रात्री मिळाली. पण यकृतात ज्या वाटेनं इतर औषधांचा निचरा होतो, तीच वाट कॅनाबिडिऑल अडवतं. म्हणून जोडीला काय चालू आहे, हे बघणारा माणूस लागतोच.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात या झाडाला सर्वांत कडक यादीतून बाहेर काढायचं की नाही, यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या बहुमतानं ते बाहेर आलं, आणि भारतानं 'काढा' असं मत दिलं होतं. जेऊरात ही बातमी कुणाला कळली असण्याचं कारण नाही.

चार तासांची गोळी

केस-पेपर चाळताना मला जे शोधायचं होतं ते सापडलं नाही. एकाही कागदावर 'मॉर्फिन' हा शब्द नव्हता.

मामाच्या दुखण्याचं नेमकं औषध तेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची शिडी आखून दिली. खालच्या पायरीवर साध्या गोळ्या, मधे ट्रामाडॉलसारख्या, वर मॉर्फिन. तोंडानं घ्यायची साधी गोळी, किंमत काही रुपयांची. तिचा अंमल सुमारे चार तास राहतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची, दुखण्याची वाट न पाहता. गिळता येत नसेल तर चूर्ण करून नळीतून देता येते. सोबत जुलाबाचं औषध हवंच, कारण शौचाला खडा होतो. मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. हे सगळं शिकवायला तासभर लागतो, आणि शिकलेली बाई घरी ते उत्तम करू शकते.

आणि हे औषध आपल्याच देशात पिकतं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यावर अफू होते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते, तिथून औषधासाठी जगभर निघते. जेऊरला पोहोचत नाही.

याचंही मूळ त्याच १९८५ च्या कायद्यात आहे. तस्करी रोखायला केलेल्या नियमांत डॉक्टर, दुकानदार, रुग्णालयं सगळी अडकली. मॉर्फिनच्या एकेका खेपेसाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा यायचा नाही, आणि हिशेबातली चूक म्हणजे तुरुंग. दुकानांनी ठेवणं सोडलं, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं. १९८५ च्या सुमारास देशात वर्षाला सहाशे किलोच्या आसपास मॉर्फिन वापरलं जाई. १९९७ साली ते १८ किलोवर आलं. त्या बारा वर्षांत कर्करोग कमी झाला नव्हता. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न पाहता पास झाली, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते घाबरणारच.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वीस वर्षं या नियमांशी झगडले. २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरू लागली. ही वाट कागदावर तरी सरळ आहे. प्रशिक्षित डॉक्टर हवा, कुलूपबंद कपाट हवं, नोंदवही हवी.

गावातल्या औषधाच्या दुकानात मी मुद्दाम जाऊन विचारलं. दुकानदार गृहस्थ वयानं मोठे, भले. "ताई, ते आमच्याकडं कधीच नव्हतं," ते म्हणाले. ट्रामाडॉलसुद्धा आता सांभाळून द्यावं लागतं, कारण २०१८ साली तेही या कायद्याखाली आलं. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, घरात कुणाचं शेवटचं चाललंय का. मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी, ही समजूत दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे आहे. शेवट नसतानाही ते देतात, दुखणं उतरलं की कमीही करतात, हे त्यांना सांगताना माझाच गळा भरून आला.

मनात एक गोष्ट सारखी सलत राहते. ज्या औषधाचा पुरावा कच्चा, ते पाच दिवसांत कुरिअरनं स्टेशनावर आलं. ज्याचा पुरावा पक्का, त्याचं नावही मामीच्या कानावर आलं नाही. विजयाचं तेल घरपोच मिळू नये, असं मला म्हणायचं नाही. त्याच्यासोबत माणूस यायला हवा होता, आणि माणसासोबत दुसरी गोळीही.

बार्शीची वाट

जेऊरपासून सगळं काही लांबच आहे असंही नाही. कुर्डुवाडी पुढचं जंक्शन, आणि तिथून बार्शी. १८९७ साली याच कुर्डुवाडी-बार्शी पट्ट्यात छोटी रेल्वे धावू लागली होती. बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. टाटा मेमोरियलच्या ग्रामीण प्रकल्पाचं काम तिथं उभं राहिलं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत जाऊन कार्यकर्ते कुणाला कुठला कर्करोग झाला, याची नोंद करू लागले. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांना सामावून घेणारा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली जगभर वाचले गेले. एका तपासणीनं मृत्यू कमी होतात, हे परांड्या-भूमकडच्या बायकांनी जगाला दाखवलं.

घरोघर जाऊन आजार शोधणं या मुलखात करून दाखवलेलं आहे. तसंच घरोघर जाऊन वेदनेची नोंद घेता येईल, असं मला मनापासून वाटतं. आशाताई जेऊरातही घरोघर जातातच. त्यांच्या वहीत ताप, लस, बाळंतपण असतं. दुखणं किती, याचा एक रकाना वाढला, आणि तालुक्याच्या दवाखान्यात मॉर्फिन व भांग दोन्हींबद्दल न लाजता, न घाबरता बोलणारा एक शिकलेला डॉक्टर आठवड्यातून एक दिवस बसला, तरी मामासारख्यांच्या रात्री वेगळ्या जातील. महाराष्ट्रात अशी माणसं घडवणाऱ्या जागा आहेत. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून, टाटामधला स्वतंत्र विभाग. वारजे जेऊरहून रेल्वेनं एका सकाळचं अंतर आहे. मामा पुण्याला शेक घ्यायला सव्वा महिना राहिला होता.

निघायच्या दिवशी शेजारची एक सून आली. तिच्या सासूच्या छातीत गाठ आहे, पाठीच्या मणक्यांत उतरली आहे, कूस बदलता येत नाही. तिनं बाटलीबद्दल ऐकलं होतं. मामीकडं बघत म्हणाली, "काकू, तुमच्याकडचं ते तेल ऱ्हायलं असंल तर द्या की."

मामीनं माझ्याकडं पाहिलं. मी बाटली उजेडात धरून लेबलवरची तारीख वाचली. मुदत तीन महिन्यांपूर्वी संपली होती. सुनेला समोर बसवून सासूबाईंना काय काय चालू आहे ते विचारलं, ती पदराच्या गाठीतून गोळ्यांची पाकिटं काढत गेली. पॅरासिटामॉल, पित्ताची गोळी, आणि तीच ट्रामाडॉल.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: मॉर्फिन. खाली लिहिलं: कर्करोगाच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारणे. सुनेनं कागद हातात घेतला. वाचता येत होतं, पण शब्द ओळखीचा नव्हता. मामीनं तिच्या खांद्यावरून वाकून तो वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. मग तिला म्हणाली, "असं म्हन. मॉर-फिन. त्यांनी न्हाई म्हनलं तरी परत म्हन."